गेटसमोरची गाडी

हेल्मी राउतिओला राग यायला कारण लागत नाही, असं टॅमरॅक बे गावातली माणसं म्हणायची. ते साफ खोटं होतं. कारण दर वेळी असायचं. बाकीचे लोक त्या कारणाकडे बघून न बघितल्यासारखं करायचे आणि हेल्मीला ते जमायचं नाही.

तिचा बाप एइनो जंगलात लाकूड तोडायचा आणि आई त्याच तळावर सगळ्या तोडकऱ्यांना रांधून घालायची. फिनलंडहून आलेलं कुटुंब. घरात काम भरपूर, बोलणं जेमतेम. हेल्मी कागद गिरणीत लागली तेव्हा गोदामात एकही बाई नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात तिथल्या बाप्यांनी तिच्या बुटात मेलेला मासा घातला आणि डब्यात लाकडाचा भुसा भरला. ती फोरमनकडे गेली, तर तो म्हणाला, "मस्करी सोसत नसेल तर घरी बसून मोजे विणत जा, पोरी."

दुपारच्या सुट्टीत हेल्मीने गठ्ठे उचलायची फोर्कलिफ्ट बाहेर काढली, फोरमनची नवी कोरी मोटार पात्यांवर अलगद उचलली आणि लगद्याच्या गठ्ठ्यांच्या उंच थप्पीवर नेऊन ठेवली. मोटारीवर एक ओरखडा म्हणून नाही. संध्याकाळी फोरमन खाली उभा राहून आ वासून वर बघत होता, तेव्हा ती जाता जाता म्हणाली, "मस्करी सोसत नसेल तर चालत जा."

चौकशी झाली. दुसरी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या ओरेस्ट बाबीला साहेबांनी विचारलं, की तू काय पाहिलंस? ओरेस्ट म्हणजे पहाडासारखा गडी, बोलायला गोगलगाय. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "वारं फार होतं साहेब. उडाली असेल." तेव्हापासून हेल्मी आणि ओरेस्ट एका पाळीत. त्याच्या लग्नात ती नाचली. तिचं लग्न मोडलं तेव्हा नवऱ्याचं सामान ओरेस्टनेच आपल्या ट्रकमधून त्याच्या आईकडे टाकून दिलं. सगळी उमेदीची वर्षं दोघांनी एकाच गोदामात, एकाच धुळीत काढली.

साठी ओलांडल्यावर हेल्मीने जादा पाळ्या करून एक जुनं मोटरहोम घेतलं. आत दोन बिछाने, शेगडी, बेसिन, कपाटाएवढा संडास. निवृत्त झालं की एकटीने पश्चिमेचा समुद्र गाठायचा, एवढाच तिचा बेत होता. तो तिने कुणाला सांगितलेला नव्हता. विचारलं तर म्हणायची, "गाडी माझी आहे. तुम्हाला काय करायचंय?"

निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि त्या नोव्हेंबरात गिरणीने टाळं लावलं.

कंपनीचं म्हणणं, यापुढे नव्या कामगारांना जुन्यांसारखं पेन्शन मिळणार नाही. युनियन म्हणाली, चालणार नाही. एका सकाळी पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन आली, तर गेटला साखळदंड आणि आत शहरातून आणलेले परके पहारेकरी. ज्या गेटातून बापाने तोडलेलं लाकूड गेलं, आपण गेलो, तिथे आपल्यालाच चोरासारखं बाहेर उभं केलं, हे हेल्मीच्या डोक्यात गेलं ते पुन्हा निघालंच नाही.

कामगारांनी गेटसमोर रस्त्याच्या कडेला ठाण मांडलं. पिंपात लाकडं पेटवली, ताडपत्रीची झोपडी उभारली. कंपनीने लगेच कोर्टाचा हुकूम आणला, की रस्त्यालगत जाळ करायचा नाही आणि काही बांधायचंही नाही. तोवर थंडी उणे वीसच्या खाली घसरली होती. युनियनचा म्होरक्या ल्युसियन सभेच्या हॉलमध्ये उभा राहिला. हा गडी देखणा, बोलण्यात साखर, पत्रकारांशी तर जन्माची ओळख असल्यासारखा. तो म्हणाला, "बांधकामाला बंदी आहे, उभ्या गाडीला नाही. कुणाकडे मोठी गाडी आहे का?"

सगळा हॉल हेल्मीकडे वळला.

"माझ्याकडे काय बघताय?" ती ओरडली. "माझ्या तोंडावर चाकं फुटलीत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच गाडी आणून गेटसमोर, व्हर्नाच्या पेट्रोल पंपाच्या अंगणात लावली. व्हर्ना तिथे पंपही चालवायची आणि शेजारी खाणावळही. तिचे दोन्ही भाऊ गिरणीत, तेही बाहेर बसलेले. तिने भिंतीवरचा विजेचा सॉकेट दाखवला. "हा एकच चालू आहे. दुसरा केव्हाचा जळालाय. वायर ओढून घे आणि मला पुन्हा विचारायला येऊ नकोस."

त्या मुलखात अशी गाडी हिवाळ्यात राहती ठेवायची म्हणजे रोजचं युद्ध असतं. हेल्मी आणि ओरेस्टने प्लायवूड आणि फोमच्या जाड शीट कापून गाडीभोवती चाकं झाकणारा घागरा केला आणि त्यावर बाहेरून फावड्याने बर्फ थापला, म्हणजे खालून वारं शिरायला नको. व्हर्नाच्या नळापासून येणाऱ्या पाण्याच्या नळीला विजेवर गरम होणारी पट्टी गुंडाळली. गॅसच्या टाक्यांवर विजेचं पांघरूण घातलं, कारण फार गारठा पडला की टाकीतला गॅसही आळशी होतो, वर येत नाही. बेसिनखालच्या कपाटाची दारं सताड उघडी, म्हणजे खोलीतली ऊब मागच्या पाईपांपर्यंत पोचते. नळ कायम थेंबथेंब चालू. छताची खिडकी बोटभर उघडी, नाहीतर माणसांच्या श्वासाचं पाणी होऊन भिंतीवर आतूनच बर्फ चढतो. सांडपाण्याची टाकी मात्र घट्ट बंद ठेवायची आणि भरली की एकदम भसकन सोडायची. थोडं थोडं सोडलं की नळीत बर्फाचा दांडा तयार.

एवढं सगळं सांभाळायचं कुणी? हेल्मीने. माणसं येत, शेगडीशी हात शेकत, कॉफी पीत आणि जाताना दार उघडं टाकत.

"दार!" हेल्मी आतून खेकसायची.

"अगं, आत्ताच तर उघडलंय."

"तेवढ्यात अर्धी ऊब गेली! तुझ्या आईच्या पोटातून येतानाही दार उघडंच टाकलं होतंस का?"

कुणी नळाची टपटप ऐकून तो घट्ट बंद करायचा. कुणी कपाटाची दारं नीटनेटकेपणाने लावून घ्यायचा. हेल्मी त्याला हाताला धरून बेसिनपाशी न्यायची. "हा पाईप बघ. हा गोठला तर तुला गाडीखाली झोपवून वितळवून घेईन. कळलं?" माणसं तिची नक्कल करून हसायची. हिवाळाभर गावात कुठेही कुणी दार उघडलं की पोरंटोरंसुद्धा ओरडत, "दार!"

गेटच्या आत पहारेकऱ्यांमध्ये रोहेलियो नावाचा एक फिलिपिनो माणूस होता. पन्नाशीचा, बुटका, अंगावर दोन कोट. बाहेरच्या कामगारांचं चित्रीकरण करायचं काम त्याच्याकडे होतं. हेल्मी रोज सकाळी गेटपाशी जाऊन त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहायची.

"काढ, काढ. नाक नीट येऊ दे. काल वाकडं आलं होतं."

"गुड मॉर्निंग, मॅडम."

"मॉर्निंग गुड असती तर मी आत असते आणि तू बाहेर!"

तो कधी उलटून बोलला नाही. त्याचा तिला आणखीनच संताप यायचा. रोज सकाळी तो रस्ता ओलांडून व्हर्नाकडे कॉफी घ्यायला यायचा. व्हर्ना ती द्यायची, पण कप त्याच्यासमोर आपटून.

जानेवारीत एके दिवशी वारा सुटला आणि पारा उणे चाळिसाच्या खाली गेला. ल्युसियनने सांगितलं, की आज रात्री सगळ्यांनी घरी जा, गाडीत एकच माणूस राहू दे. ओरेस्ट म्हणाला, मी राहतो. त्याची बायको ओल्गा हिची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दर एक दिवसाआड तिला डायलिसिसला मोठ्या गावी न्यावं लागे. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिला न्यायचं होतं. "इथूनच जाऊन तिला घेतो," तो म्हणाला. हेल्मीने त्याला नळ, कपाट, छत सगळं पुन्हा एकदा बजावलं. "तोंडपाठ झालंय गं," तो म्हणाला.

सकाळी हेल्मी आली तेव्हा गाडीच्या खिडक्या आतून पांढऱ्या झाल्या होत्या. दार ओढलं, तर आत बाहेरच्याइतकीच थंडी. नळ मुका. बेसिनखाली पाईप उभा चिरलेला आणि चिरेतून बर्फाची जीभ बाहेर आलेली. संडासाचं भांडं तडकलेलं. शेगडीची ऊब फिरवणाऱ्या पंख्याची बॅटरी मेलेली. ती बाहेर धावली. वायरचा प्लग व्हर्नाच्या भिंतीखाली बर्फात पडला होता. सॉकेट रिकामा.

तिने वाकून प्लग उचलला आणि तिला तो डाग दिसला. सॉकेटच्या बरोबर समोर, तुडवलेल्या बर्फावर, मेणबत्तीच्या मेणासारखा गोठलेला लाल तेलाचा डाग. ओरेस्टचा ट्रक कित्येक वर्षं गिअरचं तेल गाळायचा. गावात त्याचा माग काढायचा तर हे लाल ठिपके बघत जायचं, अशी गंमत सगळे करायचे. अशा थंडीत ट्रकचं इंजिन विजेवर गरम ठेवल्याशिवाय पहाटे सुरू होत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सॉकेट तर एकच.

हेल्मीने इकडेतिकडे बघितलं आणि बुटाने त्या डागावर बर्फ लोटला. का लोटला, ते तिलाही त्या क्षणी कळलं नसेल. ओरेस्टला आधी स्वतःच्या तोंडाने बोलू दे, एवढंच बहुधा मनात असावं.

माणसं जमली. आत डोकावून शिव्या घालू लागली. कुणीतरी म्हणालं, "तो बुटका पहारेकरी सकाळी कॉफीला आला होता. त्या भिंतीपाशीच तर उभा होता." बस्स. वाऱ्यावर ठिणगी पडली. ल्युसियन येईपर्यंत सगळ्यांचं ठरून गेलं होतं, की कंपनीनेच माणूस पाठवून प्लग काढला.

दुपारी ओल्गाला घरी सोडून ओरेस्ट आला. सगळ्यांनी त्याला गराडा घातला.

"तू निघालास तेव्हा प्लग होता?" ल्युसियनने विचारलं.

ओरेस्ट आपल्या हातमोज्यांकडे बघत होता. "होता," तो म्हणाला. "सगळं ठीक होतं."

हेल्मी गाडीच्या पायरीवर उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने तोंड मिटलं, असं व्हर्ना पुढे सांगायची.

संध्याकाळी रेडिओवर ल्युसियनचा आवाज. कडाक्याच्या थंडीत म्हाताऱ्या कामगार बाईच्या गाडीची ऊब तोडणारी ही कंपनी, माणसं मेली असती, वगैरे. 'म्हातारी' ऐकून हेल्मीने रेडिओवर चमचा फेकून मारला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी रोहेलियोला बोलावून घेतलं. पहारेकरी पुरवणाऱ्या त्याच्या एजन्सीने त्याला कामावरून घरी बसवलं. तो मोटेलवर बसून आहे, चौकशी संपेपर्यंत पगार नाही, घरी पैसे कसे पाठवू म्हणून रडकुंडीला आलाय, असं मोटेलात झाडलोट करणाऱ्या बाईने व्हर्नाला सांगितलं आणि व्हर्नाने हेल्मीला.

हेल्मी तडक ओरेस्टच्या घरी गेली. दार त्यानेच उघडलं. तिला बघून तो बाहेर अंगणात आला आणि मागे दार ओढून घेतलं.

"ओल्गा झोपलीय," तो म्हणाला.

"म्हणून हळू बोलते. प्लग तू काढलास."

त्याने मागचं दार आणखी घट्ट ओढून घेतलं.

"डाग मी बघितला, ओरेस्ट. मीच बर्फाने झाकला. मूर्ख बाई मी! वाटलं, संध्याकाळपर्यंत स्वतःहून बोलेल."

"दोनच तासांसाठी काढला होता गं," तो म्हणाला. "इंजिन तापवायला. मग परत लावणार होतो. डोळा लागला. उठलो तर उशीर झालेला, ओल्गा फोनवर फोन करतेय... तसाच पळालो. अर्ध्या वाटेत आठवलं."

"मग व्हर्नाला फोन करायचास. लावला असता तिने."

"लाज वाटली."

"लाज!" हेल्मी हळू बोलायचं विसरली. "अरे, पाईप फुटले त्याचं मला काही नाही. पाईप बाजारात मिळतात. तू येऊन म्हणाला असतास, की हेल्मी, मी गाढव आहे, तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि कॉफी पाजली असती. पण तू त्या माणसाला पुढे केलंस!"

"मी नाव नाही घेतलं त्याचं."

"'होता' म्हणालास ना! तेच नाव."

ओरेस्टने भिंतीला हात टेकला. "मी त्याच संध्याकाळी ल्युसियनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता बोलू नकोस. लोक खवळलेत, रेडिओवर बातमी गेलीय, कंपनी अडचणीत आलीय. टाळं उघडू दे, मग बघू. पहारेकरी काय, कंपनीचाच माणूस."

हेल्मीने अंगणातल्या बर्फाला लाथ मारली. मग ती म्हणाली, "रविवारी हॉलमध्ये सभा आहे. उभा राहून सांग. नाहीतर मी सांगेन."

"हेल्मी, ओल्गाची अवस्था बघ. गाव आम्हाला जगू देईल का?"

"ओल्गाला मध्ये आणू नकोस. खोटं ती बोललेली नाही."

रविवारी हॉल गच्च भरला होता. बायका पुढच्या रांगांत विणकाम घेऊन बसल्या होत्या, पोरं खांबांना लटकली होती. ल्युसियन बोलत होता आणि टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. ओरेस्ट मागे दाराशी, टोपी हातात. तो उठेल म्हणून हेल्मी वाट बघत राहिली. सभा संपत आली. ल्युसियन म्हणाला, "आणि आपल्या हेल्मीची गाडी, ज्यांनी ती गोठवली त्यांना आपण..."

"बस कर!" हेल्मी उभी राहिली.

"बोल, हेल्मी," ल्युसियन हसून म्हणाला. "तुलाच तर बोलायचा हक्क आहे."

"हक्क तू कोण देणार? माझ्या गाडीचा प्लग कंपनीने काढलेला नाही. आपल्यातल्याने काढला, ट्रक तापवायला. चूक झाली त्याची. आणि हे तुला त्याच दिवसापासून माहीत आहे."

पुढच्या रांगांतल्या विणायच्या सुया थांबल्या.

"काहीतरी गैरसमज होतोय," ल्युसियन म्हणाला.

"गैरसमज? तुझ्या तोंडावर सांगते, तू खोटं बोललास. रेडिओवर बोललास. माझं नाव वापरून बोललास, वर मला म्हातारी म्हणालास!"

"कुणी काढला? नाव सांग!" मागून आरडाओरडा सुरू झाला.

हेल्मी नाव घेणार नव्हती. तेवढं तिने ठरवलं होतं. पण मागे दाराशी ओरेस्टने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली आणि भसाड्या आवाजात म्हणाला, "मी काढला." मग तो कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेला.

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं ते ऐकण्यासारखं नव्हतं. गंमत अशी, की शिव्या ओरेस्टला कमी पडल्या आणि हेल्मीला जास्त.

"कंपनीच्या हातात काठी दिलीस तू!"

"एका परक्या पहारेकऱ्यासाठी घर फोडलंस!"

"तो आपलं चित्रीकरण करतो, विसरलीस?"

"विसरले नाही!" हेल्मी बाकावर चढली. "त्याला मी रोज शिव्या घालते, उद्याही घालीन. त्याने जे केलं त्यासाठी घालीन. न केलेल्यासाठी त्याला भाकरीवरून उठवायचं असेल, तर मग आपल्याला ज्यांनी उठवलं त्यांच्यात आणि आपल्यात काय राहिलं? सांगा ना! आता का गप्प?"

एका बाईने तिच्या पायाजवळ थुंकल्यासारखं केलं. ती बाई लहानपणी शाळेत तिच्या शेजारच्या बाकावर बसायची.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस रेडिओवर आला आणि युनियनच्या खोटेपणावर मनसोक्त बोलला. ते ऐकताना हेल्मीचे दात करकरत होते. तिला ठाऊक होतं, की हे होणार. आपण बरोबर वागलो याचं समाधान वगैरे तिला वाटलं नाही. तिला सगळ्यांचा राग आला. ल्युसियनचा, कंपनीचा, ओरेस्टचा, आणि तो डाग झाकणाऱ्या आपल्या बुटाचाही.

गाडी मात्र तिने हलवली नाही. पाईपांमधलं उरलंसुरलं पाणी काढलं, त्यांत न गोठणारं गुलाबी द्रावण भरलं आणि नळ कायमचा बंद करून टाकला. पाणी आता व्हर्नाकडून कॅनमधून आणायचं आणि संडासालाही तिच्याकडेच जायचं. शेगडी तिने पुन्हा पेटवली. पहिले काही दिवस कामगार बाहेर वाऱ्यात कुडकुडत उभे राहिले, पण आत आले नाहीत. मग बोटं काळीनिळी पडायला लागली तसा एकेक जण आत येऊ लागला. कुणी तिच्याशी बोलत नसे. तीही बोलत नसे. फक्त "दार!" तेवढं ओरडायची, आणि ते मुकाट्याने दार लावायचे.

रोहेलियो कामावर परतला. पहिल्याच सकाळी तो रस्ता ओलांडून आला. हातात व्हर्नाकडची गोड पावाची पिशवी.

"मॅडम, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी?" हेल्मी पायरीवरून खाली उतरली. "तुझ्यासाठी काय केलं मी? तू कोण माझा? माझ्या गेटाच्या आत उभा राहून माझीच चित्रं काढतोस आणि पाव घेऊन येतोस?"

"मला नोकरी हवी, मॅडम. इथे पाठवलं, आलो."

"ठाऊक आहे. म्हणूनच अजून तुझ्या डोक्यात फावडं घातलेलं नाही. जा, आत जाऊन उभा राहा."

तो पावाची पिशवी बर्फावर ठेवून गेला. हेल्मीने ती उचलून शेगडीजवळ फेकली. आतल्या कामगारांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकाने पाव तोडला, दुसऱ्याने हात पुढे केला. हेल्मीने खाल्ला नाही.

मार्चच्या शेवटी तह झाला. पगार तेवढाच, जुन्यांचं पेन्शन शाबूत, नव्यांचं अर्ध्यावर. ल्युसियनने त्याला विजय म्हटलं. हात वर करून मतं घेतली तेव्हा विरोधात मोजकेच हात होते, त्यांत हेल्मीचा सगळ्यात उंच. "नंतर येणाऱ्या पोरांना विकून आपण घरी चाललोय," ती म्हणाली, आणि या वेळी खाली बघणारे बरेच जण होते. ओरेस्ट सभेला आलाच नव्हता.

गेट उघडलं. हेल्मीने गाडी परत घराच्या अंगणात आणून लावली. ती आणि ओरेस्ट पुन्हा एकाच गोदामात, एकाच पाळीत. हेल्मी त्याच्याशी चकार शब्द बोलत नव्हती. गठ्ठ्यांच्या रांगांमध्ये समोरासमोर आले, की ती भोंगा दाबून धरायची आणि तो मुकाट्याने मागे सरायचा.

बर्फ वितळून अंगणात चिखल झाला, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी ओरेस्ट हेल्मीच्या घरासमोर उभा राहिला. खांद्यावर पाईपचं वेटोळं, हातात कातर आणि जोडण्यांची डबी. हेल्मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती.

"काय पाहिजे?"

"पाईप बदलतो."

"मी सांगितलंय?"

"नाही."

तो तसाच चिखलात उताणा पडला आणि गाडीखाली सरकला. हेल्मीने खिडकी धाडकन लावली. थोड्या वेळाने पुन्हा उघडली.

"डावीकडचा जोड आधी सोडव! आंधळा आहेस का?"

"सोडवतोय."

"आणि वाकवताना चिमटू नकोस तो. परत फुटेल."

"हो."

"हो म्हणजे? आधी चिमटलास ना, मला आवाज आला!"

बराच वेळ नुसती कातरीची कटकट. हेल्मी बटाटे सोलत होती, ते मध्येच ठेवून पायरीवर येऊन उभी राहिली. गाडीखालून त्याचे दोन बूट बाहेर आले होते, एका तळव्याला भोक पडलेलं.

"ओल्गा कशी आहे?" तिने त्या बुटांना विचारलं.

"तशीच," बूट म्हणाले. "तुझी आठवण काढते."

"माझ्यावर चिडली असेल."

"नाही. माझ्यावर."

"बरं करते."

काम झालं तेव्हा दुपार कलली होती. ओरेस्ट डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून बाहेर आला. हेल्मीने आत जाऊन नळ सोडला. आधी हवा फुरफुरली, मग गुलाबी पाणी, मग स्वच्छ. बेसिनखाली वाकून तिने प्रत्येक जोडावर बोट फिरवून बघितलं. कोरडं होतं.

"माफ केलेलं नाही मी," ती दारातून म्हणाली.

"ठाऊक आहे."

"एका दिवसाच्या कामाने होत नाही ते."

"संडासाचं भांडं राहिलंय अजून," ओरेस्ट म्हणाला. "पुढच्या सुट्टीला येतो."

हेल्मी त्याच्याकडे रागाने बघत राहिली. मग आतून एक जुना पंचा आणून तिने त्याच्या अंगावर फेकला, आणि तो तोंड पुसतोय तोवर घरात जाऊन दोघांपुरते बटाटे चुलीवर चढवले.